साइटवर आत्ता एक जण

“कोण आलं, कुठून आलं, काय बघितलं, किती वेळ थांबलं, सगळं तुम्हाला घरबसल्या कळणार. सिंपल आहे,” काउंटरच्या काचेवर लॅपटॉप मांडून बसलेला पाहुणा म्हणाला.

“दुकानात कोण आलं ते मला इथूनच दिसतं,” मागच्या बाकावरून थोरला म्हणाला. “डोळे शाबूत आहेत माझे.”

“दादा, दुकानात नाही, आपल्या वेबसाइटवर,” धाकटा ओशाळून म्हणाला आणि पाहुण्याकडे वळला. “तुमचं चालू द्या.”

थोरल्याने जळक्या मोटरीतली काळी ठिक्कर तार उपसत नाक मुरडलं. दुकान दोघा भावांचं. पुढे काउंटरवर धाकटा नवे पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी विकायचा आणि मागे बाकावर थोरला जळालेल्या मोटरींत नवी तांब्याची तार भरायचा. दुकान सुरू झालं तेव्हा नुसता बाकच होता. काउंटर त्याच्या पुढ्यात नंतर येऊन बसला. माणूसजातीविषयी थोरल्याचं मत एकंदरीत बरं नव्हतं. लोक पाती पुसत नाहीत, बेअरिंगला तेल देत नाहीत आणि मोटर जळली की तोंड वर करून येतात, असं तो गिऱ्हाइकांना तोंडावर सुनवायचा. पण सध्या त्याच्या लेखी सगळ्यात फालतू माणूस म्हणजे हा पाहुणा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल आणि दर वाक्याला ‘सिंपल आहे’. थोरल्याने त्याचं नाव आकडेशास्त्री ठेवून टाकलं होतं.

“ॲनालिटिक्स म्हणतात याला,” आकडेशास्त्री धाकट्याला सांगत होता. एवढं भारदस्त नाव, आणि बसवलं काय, तर साइटच्या पोटात कोडच्या चार ओळी! “आता येणारा प्रत्येक माणूस मोजला जाईल. फक्त तुमच्या दुकानाचा कॉम्प्युटर यातून वगळायचाय, नाहीतर तुम्ही स्वतःच मोजले जाल. ते करूनच—” इतक्यात त्याचा एक मोबाइल वाजला. बोलत बोलत तो दाराबाहेर गेला, परत आला तो लॅपटॉप पिशवीत घालूनच निघाला. वगळायचं ते राहून गेलं. हा असला शास्त्री!

साइटला थोरला सगळ्यांसमोर शिव्या घालायचा. “हवेतलं दुकान” म्हणायचा. पण दुपारी धाकटा जेवायला आणि पडायला घरी गेला की तो डबा संपवायचा, हात चिंधीला पुसायचा आणि गुपचूप काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्याला एकच पान उघडता येत होतं. ‘आमच्याविषयी’.

त्या पानावर फोटो होता. दुकान उघडलं त्या दिवशीचा. त्यात धाकटा एकोणीस-वीस वर्षांचा, हडकुळा, थोरल्याचाच शर्ट घालून खांद्यात बुडालेला, आणि हसतोय असा की जणू सगळं जग विकत घेऊन आलाय. शेजारी थोरला उभा होता. होता म्हणजे मूळ फोटोत होता. “एकच चेहरा ठेवा, लोकांच्या लक्षात राहतो,” असं आकडेशास्त्र्याने सांगितलं आणि फोटो कापला. धाकट्याने हूं की चूं केलं नाही. राहिला तो थोरल्याचा हात. धाकट्याच्या खांद्यावर मनगटापासून पुढचा, नखांत तारेला लावायचं वॉर्निश बसून काळा झालेला.

“हात तेवढा ठेवलाय गाढवांनी,” थोरला पुटपुटायचा आणि बघत बसायचा. आज काउंटरवर बसणाऱ्या, पोट सुटलेल्या, गिऱ्हाइकापुढे लाळघोटेपणा करणाऱ्या माणसाचा त्याला कंटाळा होता. त्या हडकुळ्या पोरावर मात्र त्याची अजून माया होती. डोळे भरले की तो साइट बंद करायचा आणि पुन्हा बाकावर जाऊन तारेवर राग काढायचा. धाकट्याने कॉम्प्युटर असा करून ठेवला होता की बंद केला की आत कुणी काय बघितलं ते सगळं पुसलं जायचं. कुणी काही चोरेल ही त्याला भीती. त्यामुळे त्या चार ओळींच्या हिशेबी थोरला रोज दुपारी नवा माणूस असायचा.

एका दुपारी तो असाच बसलेला असताना त्याचा मोबाइल वाजला. घरून धाकटा ओरडत होता.

“दादा! साइटवर आत्ता एक जण आहे! मला इथे दिसतोय! आपल्याच भागातला आहे, ‘आमच्याविषयी’ वाचतोय!”

थोरल्याने मान वर करून दुकानभर नजर टाकली. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

“बरं मग?”

“बरं मग काय? आता तो दुकानात फोन करेल. त्याच्यावर खेकसू नकोस, गोड बोल!”

थोरल्याने घाईने साइट बंद केली.

“गेला!” धाकटा कळवळला. “गेला रे!”

“जाऊ दे. असली फुकट बघणारी गिऱ्हाइकं काय कामाची!”

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान गरम झाले होते. पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं त्याने ठरवलं. पण फोनवर धाकट्याचा आवाज कसा झाला होता! थेट त्या फोटोतल्या पोरासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला पुन्हा जाऊन बसला.

महिनाअखेरीस आकडेशास्त्री रंगीत आलेख घेऊन अवतरला.

“साइट उत्तम चाललीय! रोज नवा माणूस. आणि गंमत बघा, सगळे एकाच पानावर, ‘आमच्याविषयी’. दुरुस्तीचं पान कुणी उघडतच नाही. लोकांना तुमची कहाणी हवीय, दुरुस्ती नको. मी म्हणतो, तो मागचा बाक काढा, तिथे छान सोफा टाका आणि भिंतीवर हाच फोटो मोठा करून लावा. सिंपल आहे.”

धाकटा थोरल्याकडे न बघता म्हणाला, “दादा, आकडेच बोलतायत रे. तुलाही आता आराम नको का?”

आकडे बोलतायत! अरे शुंभा, ते आकडे म्हणजे मी, असं अगदी ओठांवर आलं होतं. एका वाक्यात बाक वाचला असता आणि शास्त्रीबुवांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. थोरल्याने तोंड उघडलंही. मग धाकटा विचारणार, ‘दादा, तू रोज काय बघत होतास?’ याला काय सांगणार? आणि तेही या इस्त्रीवाल्यासमोर! त्याने तोंड मिटलं, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि म्हणाला, “दुकान तुझं, भिंत तुझी. हवं ते कर.”

त्या संध्याकाळी घरी पाऊल टाकताच बायको नेहमीसारखी म्हणाली, “आधी हात धुवा.” जेवताना त्याने तिला सगळं सांगितलं. ती घास तसाच धरून ऐकत राहिली.

“अहो, मग सांगून टाका ना भावजींना.”

“काय सांगू? चोरून तुझा फोटो बघतो म्हणून?”

“त्यात कसली लाज? सख्खा भाऊ आहे.”

“म्हणूनच. त्याला नको असताना मी बाकाला चिकटून बसायचं? भीक मागून?”

“तुमचा ताठा जाळायला हवा एकदा,” ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

बाक निघाला त्या दिवशी थोरला हत्यारं न्यायला गेला. तिथे भिंतभर फोटो चढत होता. लावणाऱ्या माणसाने विचारलं, “खांद्यावर हा हात कुणाचा आहे? उगाच मध्ये येतोय. झाकू का?”

“राहू दे,” धाकटा म्हणाला. एवढंच. काय ही उदारता, असं मनात म्हणत थोरल्याने हत्यारांची पेटी उचलली. पायरी उतरताना मात्र त्याला नीट दिसत नव्हतं.

मग काही दिवसांनी, ऐन दुपारी, धाकट्याचा फोन आला. तो जेवायला घरी गेला नव्हता. मागे रस्त्याचा आवाज येत होता.

“दादा, साइटवर कुणी येईनासं झालंय रे. एक माणूस नाही. त्या लॅपटॉपवाल्याला विचारलं तर म्हणतो, दुकानाचा कॉम्प्युटर वगळला होता ना? मी तर दुपारी दुकानात नसतोच, मग इथून कोण बघणार? चांगला रोज एक जण यायचा, नेमाने. तू गेलास त्या दिवसापासून—”

तो थांबला. मागे रस्ता तेवढा वाजत राहिला. धाकट्याचा श्वास त्याला ऐकू येत होता, पळून आल्यासारखा.

“दादा,” धाकटा म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

“जेवलास का?” थोरल्याने विचारलं.

“नाही.”

“मग घरी जा, जेवून घे. आणि कॉम्प्युटर बंद करून जा, वेंधळ्या.”

त्याने फोन ठेवला. आतून बायकोने ताट वाढल्याचं सांगितलं आणि सवयीने म्हणाली, “आधी हात धुवा.”

थोरल्याने हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ होती, सकाळपासून कशाला हात लागला नव्हता. तरी तो उठला, मोरीशी गेला आणि साबण लावून, एकेक नख घासून, पूर्वी लागायचा तेवढाच वेळ हात धूत उभा राहिला.