खिडकीपुढचं कुरण

"आणखी बघायचंय, क्लॅरी?" कोपरापर्यंत चढवलेला हातमोजा ओढून काढत ब्रॉनीने विचारलं. ती त्या भागातली जनावरांची डॉक्टर. पुढ्यात पाच महिन्यांचं मेलेलं शिंगरू पडलं होतं, तपासणीसाठी पोट उघडलेलं. आतड्यात पेन्सिलीएवढे जाड, पांढरे जंत दोरखंडासारखे पिळून बसले होते.

"नको."

"जंतांचं औषध कधी दिलंस?"

"काल सकाळी. अख्खी नळी. पोट टम्म फुगलेलं, केस पिंजारलेले... म्हटलं, एकदाचं मोकळं होऊ दे बिचारं."

"सगळे एकदम मेले आणि तिथेच अडकले. इतके जंत असले की हलकं औषध द्यायचं, हळूहळू. फोन का नाही केलास?"

"रविवार होता. तुला कशाला त्रास?"

"मी काय तुझ्यासारखी चर्चला जाते का रे?"

क्लॅरी सवयीने हसला. ऑस्ट्रेलियातल्या या हंटर खोऱ्यात चाळीस वर्षं त्याने घोड्या सांभाळल्या होत्या, पण आज आत काही हलतच नव्हतं. फाटकाच्या बिजागरीला तेल घालायला हवं, एवढंच मनात येत होतं.

"या कुरणात शिंगरं किती वर्षं ठेवतोयस?"

"अकरा."

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, थेल्माला, पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. साधं 'पाणी' म्हणता येईना. पण चर्चमधली भजनं मात्र तिला शब्दन् शब्द गाता यायची. देवाने एक दार उघडं ठेवलंय, असं पाद्रीबाबा म्हणाले. क्लॅरीने तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडली आणि समोरच्या कुरणात दरसाल नुकत्या व्यालेल्या घोड्या आणून सोडल्या. भजनाची पहिली ओळ तो न गाता नुसती म्हणायचा. शिंगरं उधळू लागली की थेल्मा दुसरी उचलायची.

"अंडी मातीत राहतात, क्लॅरी. वर्षानुवर्षं. एक शिंगरू पेरतं, पुढचं खातं. इथे आता गाई सोड, त्यांना हे जंत लागत नाहीत. शिंगरं टेकडीपलीकडे ने."

"टेकडीपलीकडचं खिडकीतून दिसत नाही."

"माहीत आहे मला," ब्रॉनी हळूच म्हणाली.

दुपारी त्याने शिंगराला पुरून खड्डा बुजवला आणि उरलेल्या दोन घोड्या शिंगरांसह टेकडीपलीकडे नेल्या. तिसरी, मेलेल्याची आई, फाटकाशी अडली. मागे मान वळवून खिंकाळली. क्लॅरी दोर सैल धरून उभा राहिला. "चल बाई," तो म्हणाला, "तुझं झालं की निघू." बऱ्याच वेळाने ती निघाली. मग त्याने तांबड्या गाई आत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेल्माची खुर्ची त्याने रोजच्याच जागी लावली. दुसऱ्या खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसायची. समोर एक गाय खांबावर मान घासत होती. थेल्माने तिच्याकडे पाहिलं, मग कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले.

क्लॅरी पाठमोरा किटलीत पाणी भरत होता. किटली भरून वाहू लागली तेव्हा त्याने नळ बंद केला.

सूर त्याला कधीच नव्हता. तरी आज भजनाची पहिली ओळ त्याने गाऊन म्हटली, वेडीवाकडी, आणि ती जिथे उचलायची तिथे थांबला.

बाहेर गाय मान घासत होती. त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली.