सान यी मोठ्या रस्त्यानं जाते

"हसू नका हो मावशी, कार्डावर दात चालत नाहीत!" कॅमेऱ्यामागची थाई मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

सान यीनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा फसकन हसली. रांगेतल्या सगळ्या ब्रह्मी बायका हसायला लागल्या.

थायलंडमधल्या महाछाईच्या कारखान्यात कोळंबी सोलायला आम्ही दोघी एकाच टेबलावर. चौदा वर्षांपूर्वी ती ब्रह्मदेशातल्या दवेईहून डोंगर ओलांडून आली, कागदपत्रांशिवाय. तेव्हापासून खोली ते कारखाना, कारखाना ते खोली, तेही मागच्या गल्लीनं. मोठ्या रस्त्यावर पोलीसचौकी होती ना! अखेर यंदा सरकारनं आमच्यासारख्यांची नोंदणी खुली केली. माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. मी तिच्या सोबतीला गेले होते.

"यादीत तुमचं नाव नोक आहे," कारकून म्हणाला.

"ते मुकादमानं ठेवलेलं. माझं नाव सान यी. नीट लिहा."

तासाभरानं नोंदणीचं गुलाबी कार्ड हातात पडलं. बाहेर येऊन मी सवयीनं गल्लीकडं वळले.

"तिकडं कुठं गं प्यू? मोठ्या रस्त्यानं जाऊ."

"अगं ए बये, माझ्याकडं नुसती अर्जाची पावती आहे!"

"मग माझ्या आडून चाल."

चौकीच्या दारात एक लठ्ठ पोलीस शेवया खात बसला होता. आम्ही समोरून गेलो. त्यानं मान वर केली नाही. सान यी मागं फिरली, पुन्हा समोरून गेली. तिसऱ्या खेपेला ती सरळ त्याच्यापुढं उभी राहिली.

"साहेब, कार्ड बघता?"

"मी मागितलं का?"

"नाही. तरी बघा."

त्यानं हात पुसले, कार्ड उलटसुलट पाहिलं. "बरोबर आहे. कुठं निघालात?"

"कुठं नाही. चालतेय नुसती."

"चाला की मग," म्हणून त्यानं पुन्हा वाडगा उचलला.

मला वाटलं, आता तरी निघेल. पण ती चौकीबाहेरच्या बाकावर ऐसपैस बसली, चपला काढल्या आणि पाय लांब केले.

"आई होती तोवर फोनवर विचारायची, तुझं शहर कसं आहे गं? मी काहीबाही ठोकून द्यायची. बघितलं होतं कुठं?"

समोरून मोटारसायकली जात होत्या. पेरूवाली गाडीवर पाणी शिंपडत होती. ऊन बाकावर आलं, तरी सान यी उठली नाही.