वाकड्या कानाचा ससा

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुमचा लाडका ससा कुणीतरी विकत घेतलाय आणि तो न्यायला माणूस दारात उभा आहे.

चिमीची अगदी हीच गत झाली होती. आईला लोकरीची खेळणी विणायचा भारी नाद. त्यातूनच तिने ऑनलाइन दुकान थाटलं आणि आता ते चार पैसे मिळवून देऊ लागलं होतं. फोटोसाठी मात्र तिने चिमीचाच वाकड्या कानाचा लोकरीचा ससा बसवला होता. आज पाठवायला तिने सरळ कानांचा नवाकोरा ससा विणला, त्याचा फोटो गिऱ्हाइकाला धाडला, तर निरोप आला, "फोटोतला वाकड्या कानाचाच हवा. नाहीतर ऑर्डर रद्द."

"अहो ताई, ससा आहे की हत्ती? किती वेळ!" पार्सलवाला दारातून ओरडला.

"चिमे, दे गं तुझा. तू हा नवा घे," आई म्हणाली, पण तिचा हात काही पुढे होईना.

चिमीने ससा घट्ट कवटाळला, तेवढ्यात तिची नजर त्या वाकड्या कानावर गेली. तो कान तिनेच तर शिवला होता!

"काका, जाऊ नका हं!" ती ओरडली. मग तिने नव्या सशाचा एक कान उसवला, सुईत दोरा ओवला आणि तो वाकडा शिवायला बसली.