झाकण बंद, रोग बंद

सोमवारी केडगावच्या मंडपात चाळीस बाटल्या एकदम हलल्या. आतलं नितळ पाणी निळंभोर झालं, खाली ठेवताच निवळलं. बायांनी पदर पसरले.

"साखरेचा रोग बाटलीत कोंडलाय, माऊली!" नीळबाबा माईकवर गरजले. "झाकण उघडायचं नाही, हलवत राहायचं. निळं व्हायचं थांबलं की रोग संपला. मग सुई कशाला?"

मंगळवारी सकाळी गोजरबाईंनी मंडपातून घरी आणलेल्या बाटलीतलं पाणी निळं व्हायचं थांबलं. नऊ वर्षांच्या नातीची, सृष्टीची इन्सुलिनची सुई त्यांनी तेव्हाच बंद केली.

बुधवारी दुपारी पोरगी अंथरुणात निपचित. दोन उलट्या झालेल्या, श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला नासक्या फळासारखा वास.

"रोग बाहेर पडतोय," बाबांचा निरोप आला.

गोजरबाईंनी नैवेद्य मांडला. बाटली देव्हाऱ्यातच होती. झाकलेलं देवाला दाखवायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. सवयीनं झाकण निघालं, तुळशीपत्र पडलं. भानावर येऊन त्यांनी झाकण घट्ट लावलं, बाटली हलवली.

निळी!

त्या शेजारी धावल्या. "अफ्रीन, माझ्या हातनं रोग परत आला गं!"

अफ्रीन शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं सृष्टीचा श्वास पाहिला. "बाटली राहू द्या, काकू. आधी दवाखाना!"

रिक्षा नगरकडे सुटली. बाटली गोजरबाईंच्या ओच्यातच राहिली होती.

"उघडल्यावर आत काय गेलं?" अफ्रीननं विचारलं.

"तुळस. अन् हवा."

"हवेनंच केलं. पाण्यात ग्लुकोज, कॉस्टिक सोडा आणि चिमूटभर रंग आहे. ग्लुकोज रंगाचा निळेपणा घालवतं. हलवलं की हवेतला ऑक्सिजन तो परत आणतो. बंद बाटलीतला ऑक्सिजन संपला, की निळं होत नाही."

"म्हंजी रोग संपलाच न्हाई?"

"हवा संपली, काकू."

दवाखान्यात सलाईन, इन्सुलिन लागलं. "अजून दोन तास उशीर झाला असता तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. बाकावर बसून गोजरबाई बाटली हलवत राहिल्या, पाणी निळं व्हायचं थांबेपर्यंत. मग पान न टाकता नुसतं झाकण उघडून लावलं, हलवलं.

निळी.

दुसऱ्या दिवशी सृष्टीनं डोळे उघडले. गोजरबाई तडक मंडपात गेल्या. बाया बाटल्या घेऊन बसल्याच होत्या. "झाकणं उघडा गं बायांनो! अन् मग हलवा!"

एकेक बाटली निळी होत गेली. कुणी हंबरडा फोडला, कुणी घराकडे पळालं. बाबांची गाडी तोवर सुप्याला पोचली होती. तिथंही मंडप उभा राहिला होता.

देवाला हात जरूर जोडावेत. त्यानं कधी कुणाला झाकण उघडू नको म्हटलेलं नाही. जो म्हणतो, त्याच्यासमोरच ते उघडून पाहावं. सुई मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.