वाडग्यातला कौल

वडिवळ्याच्या देवळापुढं सारा गाव एका वाडग्याकडं डोळे लावून बसला होता. वाडग्यात महिपती पाटलाच्या नावाचा पाण्यासारखा पातळ साबण होता. दत्तोबा भगतानं त्यात चिमूटभर अंगारा टाकला, पळीनं ढवळलं, आणि बघता बघता साबण मधासारखा दाट झाला. पाटलाचं घर देवीनं निर्मळ ठरवलं, असं भगतानं घुमत घुमत सांगितलं. बायांनी हात जोडले.

गावातली गुरं पटापट मरत होती. करणी कुणाची, ते शोधायला हा कौल लावला होता. ज्याचा साबण फुटेल, त्यानं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचा.

लोणावळ्याचा अल्लाबक्ष कडेला दातओठ खात उभा होता. रेल्वेच्या शेडला धुण्यासाठी लागणारा पातळ साबण तो शिजवायचा. भगतानं त्याच्याकडूनच डबाभर नेला होता, आणि रिकामा डबा न्यायला आलेल्या अल्लाबक्षाला तो साबण कशासाठी नेला, हे आत्ता कळत होतं.

बयाबाई सुईणीची पाळी आली. अंगाऱ्यापेक्षा दवाखाना बरा, असं ती बायकांना सांगायची आणि भगताला ते सलायचं. तिच्या वाडग्यात त्यानं मूठभर अंगारा ओतला. साबण नासक्या दुधासारखा फुटला. वर गुठळ्या, खाली पाणी. भगतानं बोट दाखवलं. बयाबाई मटकन खाली बसली.

अल्लाबक्षाचं डोकं फिरलं. वीस वर्षं साबण शिजवणाऱ्यापुढं हा खेळ? पुढं होऊन त्यानं अंगारा जिभेवर ठेवला.

"पाटील, तुमी बी चाखा. राख नावाला, बाकी मीठ हाय."

पाटलानं चाखलं आणि मान खाली घातली. कौलात हात घालणाऱ्याचा निर्वंश होतो, असं भगत ओरडत राहिला. त्याला न जुमानता अल्लाबक्षानं शेजारच्या घरातून मीठ मागवलं आणि पाटलाच्याच दाट वाडग्यात मूठभर टाकून ढवळलं. तोही साबण फुटला.

"थोडं मीठ साबण दाट करतं, लय झालं की फोडतं. आता पाटलाला बी गावाबाहेर काढणार का?"

भगतानं झोळी उचलून काढता पाय घेतला. आपल्याला आधीच संशय होता, असं दोघातिघांनी लगेच सांगूनही टाकलं. अल्लाबक्षाला भगतापेक्षा त्यांचीच चीड आली.

बयाबाई उठली. "तुमची निम्मी पोरं माज्या हातावर जल्मली," ती म्हणाली. "अन् मला हाकलायला निघालात तवा एकाचं बी तोंड उघडलं न्हाई."

बाबांनो, गुरं रोगानं मरतात. त्यांना गुरांचा डॉक्टर लागतो. आणि माणसाला घराबाहेर काढायचं असेल, तर त्याआधी अंगारा निदान चाखून तरी बघा.