हीथ्रो की गॅटविक

“काकू, हीथ्रो की गॅटविक? लवकर सांगा, जागा भरत चालल्यात,” लॅपटॉपवरून मान वर न करता तेजस्विनी म्हणाली.

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये ही शेजारची मुलगी सुंदराबाईंचं लंडनचं तिकीट काढायला बसली होती. सुंदराबाईंची सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. कुणाच्या दंडात सुई टोचताना त्या कधी कचरल्या नाहीत, पण एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर त्यांना देववत नव्हतं.

थोरला मुलगा प्रज्ञेश हीथ्रो विमानतळाजवळ राहायचा, धाकटा अभय दुसऱ्या, गॅटविक विमानतळाजवळ. वडील गेले तेव्हा अभय वेळेत निघाला नाही. “आता येऊच नकोस,” प्रज्ञेश फोनवर ओरडला, आणि तो खरंच आला नाही. तेव्हापासून तासाभराच्या अंतरावर राहून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

सुंदराबाईंनी प्रज्ञेशला फोन लावला.

“गॅटविकला उतरले तर येशील घ्यायला?”

“तिकडे अभय आहे की. मी नंतर भेटेन.”

मग अभयला.

“हीथ्रोला उतरले तर?”

“तिथे दादा येणार ना?”

“तो येईलच. तू येशील का, ते विचारतेय.”

“बघतो,” अभय म्हणाला.

सुंदराबाईंनी फोन ठेवला. “हीथ्रो कर गं. अभयनं निदान नाही तरी म्हटलं नाही.”

हीथ्रोला बाहेर येताच कठड्याशी प्रज्ञेश दिसला. त्यानं आईच्या हातातली ट्रॉली घेतली, तरी त्या इकडेतिकडे पाहतच राहिल्या. लांब एका खांबापाशी अभय उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“पाय दुखतायत माझे,” असं म्हणून त्या बाकावर बसल्या आणि अभयला हाक मारली. तो आला, पाया पडला. भावाकडे न बघताच म्हणाला, “आई, चहा आणतो. दादाला साखर किती, विचार.”

“मला कशाला विचारायला लावतोस? तो काय वाघोलीत बसलाय?”

अभयनं भावाकडे पाहिलं. “साखर?”

“नको. शुगर निघालीय मला.”

“कधी?”

“झालं वर्ष.”

हे सुंदराबाईंनाही ठाऊक नव्हतं. अभय चहाला गेला नाही, तिथंच उभा राहिला. पर्स मांडीवर घेऊन सुंदराबाई बाकाच्या कडेला सरकल्या, दोघांना बसता येईल इतक्या.