घरटी एक फाइल

दवाखान्याच्या खिडकीतली बाई सगळ्यांदेखत ओरडून विचारायची, "काय होतंय?" म्हणून बाकावरचे सगळे बाप्ये एकच उत्तर द्यायचे, "कंबर." सुतारानंही आज, पाचव्या खेपेला, तेच दिलं.

"इतक्या कंबरा मोडतात कशा हो?" बाई खिदळली. "बायका दगड फोडायला लावतात की काय?"

बाक हसला. सुतारही हसला. कंबर त्याची ठणठणीत होती. मेलं होतं ते दुसरंच, आठ महिन्यांपूर्वी. तेव्हापासून कंबरेचं निमित्त करून तो खाली सतरंजीवर झोपायचा.

दवाखान्यात घरटी एक फाइल. आज बाईनं घाईत ती अख्खीच त्याच्या हातात कोंबली. त्याच्या कागदाखाली थोरल्या भावाचा कागद निघाला. दादा दोन वर्षांपूर्वी रंधा मारता मारता कोसळला, तोंडात पाणी घालेपर्यंत संपला. कागदावर ओळीनं लिहिलेलं: कंबर, गोळ्या दिल्या. कंबर, गोळ्या दिल्या. अकरा वेळा.

कंबर? कोसळायच्या आदल्याच दिवशी दादानं सागवानी कपाट पाठीवर घेऊन तीन जिने चढवलं होतं! वर पोचल्यावर छाती धरून बसला, तेवढंच. आणि वहिनी म्हणायची, "भावजी, हे हल्ली बाहेरच झोपतात हो. कंबरेला गादी सोसत नाही म्हणे."

सतरंजीवर झोपायचा दादा. तीच सतरंजी. तो गेल्यावर वहिनीनंच सुताराकडे आणून दिली होती.

शेजारची जागा रिकामी होती, तरी बाक कुणी बसावं तसा करकरला.

आत डॉक्टर मॅडमनी मान वर न करता पेन टेकवलं. "कंबर?"

"नाही." "आठ महिने झाले. बायकोजवळ गेलो तर काही उठतच नाही. माझ्या भावाचंही हेच असणार. तो मेला."

पेन थांबलं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"जिना चढताना छाती भरून येते?"

"येते."

"कधी कधी आधी खालच्या बारीक नसा तुंबतात, मग छातीतल्या. पहिल्याच खेपेला का नाही सांगितलंत?"

"बाहेर ओरडून विचारतात, मॅडम. आणि तुम्ही? अकरा वेळांत एकदा तरी विचारलंत?"

त्याच्या दंडाला पट्टा बांधून मॅडम रक्तदाबाच्या आकड्याकडे बघत राहिल्या.

तपासण्यांची चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला. खिडकीपाशी पुढचा माणूस उभा होता.

"काय होतंय?"

"कंबर." आवाज हुबेहूब दादाचा.

सुतारानं हात घालून खिडकीचं दार धाडकन लावलं.

"खरं काय ते आत जाऊन सांग," तो त्या माणसाला म्हणाला. "माझ्या दादाचीही कंबरच दुखायची."